घरी यायचं सामान

अप्पाचं खरं नाव मला शेवटपतुर मालूम झालं न्हाई. गिऱ्हाईक अप्पा म्हनायचं, हमाल अप्पा म्हनायचे, तर मीबी अप्पाच म्हनायचे. नांदेडला जुन्या मोंढ्याच्या मागं बोळीत, गोन्या-सुतळीच्या दुकानांमधी त्यांचं दुकान व्हतं. एका दाराएवढं रुंद, आन आत मातर लांबच लांब. आता तिथं मोबाईलचे कव्हर इकतात. परवा गेलते तर तो कव्हरवाला म्हनला, "कोन अप्पा?"

मला लिहायचा सराव न्हाई, सातवीतनं शाळा सुटली. पन आमच्या वस्तीतल्या दोघी-तिघी, ज्यांचे मालक सोलारवर न्हाईतर टावरवर वॉचमन हायेत, त्या येतात आन इचारतात, काय घ्यावं, आधी काय घ्यावं, कुठं फसू नये. मी सांगते. सांगताना माझ्या तोंडातनं अप्पाच बोलतात. आन सांगून झालं की मी उठून आत जाते, कारन मला हे सगळं तवाबी पाठ व्हतं, शब्दन्‌शब्द पाठ व्हतं, तरीबी म्या जे केलं ते केलंच. ते शेवटाला सांगते. आधी अप्पा.

पहिल्यांदा बघितलं तवा मला हसूच आलं. कपाळाला इभूती, सदऱ्याच्या आत गळ्यात लिंगाची चांदीची डबी, धोतर गुडघ्यापतुर खोचलेलं, आन दोन्ही पायात लष्करी बूट. ते बूट पान्याच्या बादलीत. असे बादलीत पाय घालून पेपर वाचत बसलेले. नवा माल आला की आठ दिवस सवता घालायचे, त्यातला एक दिवस बादलीत. पानी आत शिरलं की तो माल दुकानात लागायचाच न्हाई, परत ज्याचा त्याला. अप्पा मूळचे उदगीरचे, लिंगायत, घरात तीन पिढ्या गूळ-साखरेचा धंदा. भाऊबंद त्यांला हसायचे, म्हनायचे साखर सोडली आन चामडं धरलं ह्यानं. अप्पा फकत डबीला हात लावायच्या आधी कोपरापतुर हात धुवायचे, बस.

दुकानात काय, तर बूट, बॅटऱ्या, हेलमेट, पट्टे, शिट्ट्या, बरसात्या. राखन करनाऱ्या मानसाला लागतं ते. काही लिलावातलं जुनं, काही नवं.

मी गेले ती भीतीनं गेले. आमच्या ह्यांला सोलारवर काम लागलं व्हतं, हदगावच्या पुढं माळावर, जिकडं बघावं तिकडं काचेच्या पाट्या आन त्यांच्यामधी कंबरेएवढं गवत. ठेकेदारानं एक निळा शर्ट दिला, एक टोपी दिली, एक काठी दिली, झालं. आन ह्यांला लागून आठ दिवस झाले न्हाईत तर शेजारच्या सोलारवर केबल चोरायला आले आन तिथल्या वॉचमनचं कोपर लोखंडी गजानं फोडलं. मी ते ऐकलं तवापसनं मला घास जाईना. हे गेले की मी फोन पुढ्यात ठेवून बसायची, फोन वाजला तरी भ्यायची आन न्हाई वाजला तरी भ्यायची. गुड्डी तवा अंगावर पीत व्हती, मला दूध बी येईना. मग मोबाईलवर एक काळं जाकीट दिसलं, त्या इडियोत एक मानूस ते घालून उभा ऱ्हातो, त्याला काय काय मारतात आन तो हसतो. मला वाटलं हेच पायजे. कापूस येचून पैसे साठवलेले व्हते ते कंबरेला बांधले, गुड्डीला काखेत मारलं आन ह्यांला न सांगता नांदेडची गाडी धरली.

"गोळी अडवनारं जाकीट पायजे," म्या म्हनलं.

अप्पांनी पेपर खाली घेतला. "कुनाला?"

"आमच्या ह्यांला. सोलारवर असतात."

"तिथं गोळ्या चालतात?"

"न्हाई. चोर येतात. गज घेऊन."

"मग गोळी अडवनारं कशाला मागतीस? गज अडवनारं माग की."

"तसं असतं का अप्पा?"

"न्हाई."

मला रडूच आलं. मी खाली बघितलं तर एक लोखंडी पेटी व्हती, भिंतीला लावलेली, म्हनून तिच्यावर टेकले. तर अप्पा बादलीतनं पचाक करून उठले. "तिच्यावर नको माय. हितं बस, गोनीवर बस." मला वाटलं म्हातारा विटाळ-बिटाळ धरतो का काय. उठले.

मग त्यांनी दाराला टांगलेलं एक जाकीट काढलं. तेच, मोबाईलवरचं, काळं, खिसेच खिसे. पन त्याला सगळीकडं भोकं पडलेली. अप्पांनी फळीवरची आरी घेतली, चांभाराची असती ती, आन माझ्या डोळ्यापुढं खुपसली. सप्‌ करून आरपार. गुड्डी टाळ्या वाजवाय लागली.

"ह्याचं नाव जावईबापू," अप्पा म्हनले. "दिसायला रुबाबदार, कामाला काहीच न्हाई. पावसाला अडवत न्हाई तर गजाला काय अडवंल? खरं अडवनारं असतं, ते सरकार घेतं, तुझ्या-माझ्या ऐपतीचं न्हाई. आन ज्याच्या अंगावर हे असतं ना, त्याला वाटतं आपल्याला काही होत न्हाई. मग तो पुढं जातो. जितं मागं सरायचं तितं पुढं जातो."

"मग काय घेऊ?"

"पाय कुठं हाय त्याचा?"

म्या पिशवीतनं सुतळी काढली. हे झोपले व्हते तवा गाठ मारून माप घेतलं व्हतं. अप्पांनी ती सुतळी दोन बोटांनी धरली आन गुड्डीच्या गळ्यात घातली. "हे वासराचं दावं हाय. पायाचं माप न्हाई. जुनी चप्पल आन, मानसालाबी घेऊन ये. सांजच्याला आन, दिवसभर उभा ऱ्हायल्यावर. सकाळचा पाय खोटं बोलतो."

असं म्हनून परत बादलीत पाय घातले. इकायला बसलेला मानूस, आन पुढ्यातलं गिऱ्हाईक पैसे कंबरेला घेऊन आलेलं, तर त्याला माघारी लावतो. मला राग आला. पन गाडीत बसल्यावर मला इतक्या दिवसांनी झोप लागली.

अप्पाचं असंच व्हतं. एकदा मी असताना मंगल कार्यालयाचा गेटमन आला, मिशा पार कानाकडं वळलेल्या. म्हनला, "अप्पा, बोटावर लोखंड असलेले हातमोजे दाखवा, आन मांडीला बांधायचा पट्टा."

"कुनाला मारायचंय?"

"मारायचं न्हाई वो. जरा रुबाब पायजे."

"रुबाब बाजूला मिळतो. हितं फकत घरी यायचं सामान हाय."

"म्हंजी?"

"म्हंजी ज्यानं मानूस सांजच्याला घरी येतो ते. तुला लगीनघरात काय व्हनार? लई झालं तर पंगतीत कोन पायावर पाय देईल. बूट बघ."

"अप्पा, तुमचं दुकान कसं चालतं वो?"

"बेडा," अप्पा म्हनले. नको झालं की त्यांच्या तोंडात उदगीरकडचं कानडी यायचं. "तुला काही नको. बेडा, बेडा. ही शिट्टी घे आन जा."

शिट्टीचे पैसे ते कुनाकडनंच घेत नव्हते. मला बी दिली. म्हनले, मार खानाऱ्याचा हात मोडतो, पाय मोडतो, तोंड ऱ्हातं. शिट्टी गळ्यात पायजे, खिशात न्हाई. खिशापतुर हात जाईलच असं न्हाई.

मग मी ह्यांला घेऊन गेले. हे लाजून राहिले व्हते, म्हनत व्हते काय येडी हायेस, बायकोनं कुनी बूट घेऊन देतं का. अप्पांनी ह्यांची जुनी चप्पल उलटी केली, अंगठा थुंकीनं ओला करून तळावरनं फिरवला. डॉक्टर नाडी बघतो तसं बघितलं. "डावी टाच जास्त झिजली. डावा पाय आधी टाकतोस तू. गवतात कामाला हायेस, आठ नंबर, पोटरीपतुर उंच पायजे." मग जाड मोज्यांवर बूट घालून ह्यांला अर्धा तास बादलीत उभं केलं. बोळीतले हमाल बघून हसत व्हते, हेबी हसत व्हते, माझा राजा हसत व्हता. अप्पांनी बूट मुडपून दाखवला, तळ शिवलेला हाय का नुसता चिकटवलेला हाय ते नखानं दाखवलं. "चिकटवलेला माळावरच्या उन्हात सुटतो. शिवलेला जुना घे, चिकटवलेला नवा घेऊ नको. आन रंग जाऊ दे, रंगानं कुनी वाचत न्हाई."

त्यांचा हिशोब ठरलेला. आधी पाय. मग डोळे, म्हंजी बॅटरी. मग डोकं. अंगाचं सगळ्यात शेवटी, आन न्हाई घेतलं तरी चालतं. एका महिन्याला एकच. दोन मागितले तर द्यायचे न्हाईत. "एकदम घेतलं की सगळं हलकं घेतीस. एक एक घे, चांगलं घे." बॅटरी घ्यायला गेले तर त्यांनी ती पेटवली आन हातातनं फरशीवर टाकली, मग बादलीत टाकली, मग म्हनले, आता तू टाक. खोक्यावर किती मोठा आकडा हाय ते बघू नको, म्हनले, हिचे सेल तुमच्या गावच्या किराना दुकानात मिळतात का ते बघ. हेलमेटचं म्या म्हनलं, जुनं स्वस्तात द्या. तर डोळे मोठे केले. "डोक्याचं जुनं घ्यायचं न्हाई. त्यानं आधी किती मार खाल्लाय ते सांगत न्हाई. बूट सांगतो, बूट खरं बोलतो."

त्या दिवशी ती पेटी उघडी व्हती. आत एकेकटे बूट. जोड एकाचाबी न्हाई. प्रत्येकाच्या नाडीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, म्या अक्षर जुळवून वाचलं, 'किनवट. नऊ. उजवा.' दुसऱ्याला 'उदगीर. सात. डावा.' मला वाटलं लिलावात अर्धा माल हरवला असंल.

"अप्पा, ह्यांचे जोड कुठं गेले?"

"हायेत," अप्पा म्हनले. "जागच्या जागी हायेत." आन झाकन लावलं.

मी पुढं इचारलं न्हाई. मला माझंच पडलेलं. ह्यांच्या पायात बूट आले तवापसनं मी जेवाय लागले व्हते. सांजच्याला हे आले की बूट मी काढायची, मी पुसायची, दाराच्या आत ठेवायची, त्यांचं तोंड घराकडं करून. शनिवारी त्यांला तेल लावायची. हळूहळू मला असं झालं की हे कामाला गेले तरी मला ह्यांची काळजी न्हाई, बुटाची काळजी. बूट आला की मानूस आला. नव्या बॅटरीला म्या हळदी-कुंकू लावलं, हेलमेटला लावलं. बॅटरीची काच सैल झाली म्हनून एकदा दाखवाय नेली, तर अप्पांनी ते कुंकू बघितलं.

"हे काय?"

"नवी वस्तू हाय न अप्पा. लावावं लागतं."

"देव पाटावर बसतो माय," अप्पा म्हनले. "बूट पाटावर बसून चालंल का?"

म्या हसून सोडलं. मला वाटलं गंमत करून राहिले.

आता ते सांगते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी माझी आई आली, देगलूरकडनं. आमच्या माहेरी खंडेनवमी लई कडक. विळा, कोयता, कुऱ्हाड, सगळं घासून पाटावर मांडायचं, हळदी-कुंकू वाहायचं, आन एकदा मांडलं की दुसऱ्या दिवशी शिलंगनाला जाईपतुर त्याला हात लावायचा न्हाई. ते हत्यार त्या दिवशी देवाचं. कुनी उचललं तर त्या हत्यारानं त्याच घरचं मानूस जातं, असं माझी आजी सांगायची, आई सांगायची. ह्यांला त्या दिवशी सुट्टी व्हती. म्या विळा मांडला, आन मग बूट आनले. सोडा घालून धुतले व्हते, उन्हात वाळवले व्हते.

आई म्हनली, "आगं, पायतान पाटावर?"

"हेच ह्यांचं हत्यार हाय," म्या म्हनलं. पाटावर न्हाई तर पाटाला लागून गोनीवर मांडले. बॅटरी मांडली, हेलमेट मांडलं, शिट्टी मांडली, तिची दोरी गोल करून. सगळ्यांला कुंकू लावलं. बुटांला नाकावर लावलं, आधी डाव्याला मग उजव्याला. हात जोडले आन म्हनलं, देवा, हे बूट असेच घरी येऊ दे. हेच म्हनलं. बूट म्हनलं, मानूस म्हनलं न्हाई.

आन सकाळी नऊच्या आत ठेकेदाराचा फोन आला. एक वॉचमन आला न्हाई, तू ये. हे उठले, शर्ट घातला, आन बुटांकडं वाकले.

म्या मनगट धरलं. "उचलू नका."

"आगं, कामाला चाललो."

"मांडलेत. उद्या उचला."

"मग घालू काय?"

"चप्पल घाला. एका दिवसानं काय व्हतंय? दिवसा कोन चोर येतो?"

हे आईकडं बघाय लागले. आई म्हनली, "जावई, तिचं ऐका, सनाचं मोडू नका." हे हसले. बादलीत उभे राहून हसले व्हते तसेच. म्हनले, "शिट्टी तरी घेऊ का?" म्या मान हलवली. नको. दोरी सुद्धा हलवू दिली न्हाई म्या.

चोर आलाच न्हाई. घोनस व्हती. दुपारी कुंपनाकडं केबल बघाय गेले, गवतात डावा पाय आधी टाकला. चपलेच्या वर, घोट्याला डसली. फोन खोलीत चार्जिंगला. हे म्हनतात, म्या हाका मारल्या, पन माळ केवढा, वारं केवढं, दुसरा मानूस गेटवर. किती येळ पडून व्हते ते ह्यांलाबी मालूम न्हाई. पानी द्यायला टँकरवाला आला त्यानं बघितलं. मोटरसायकलवर दोघांच्या मधी बसवून हदगावला नेलं, तिथनं नांदेडला. मी पोचले तवा पाय मांडीपतुर काळा-निळा, भोपळ्यासारखा. डॉक्टर लई झटले. म्हनले, लवकर आनला असता तर. बाराव्या दिवशी म्हनले, जीव पायजे का पाय. म्या अंगठा दिला न्हाई, सही केली. सही मला येती. गुडघ्याच्या खाली काढला.

लोक इचारायचे, बूट कुठं व्हते वो? मी सांगायची, घाईत गेले, ऱ्हायले. हेबी तसंच सांगायचे. माझ्या आधी सांगायचे, मला बोलायची पाळीच येऊ देत नव्हते. त्याच्यानं मला जास्त व्हायचं. एकदा तरी मारलं असतं मला, शिवी दिली असती. आन आई म्हनायची, "पूजा मोडली न्हाई म्हनून तर जीव वाचला." त्या दिवसापसनं मी आईच्या हातचं पानीबी घेत न्हाई.

घरात ते बूट. आईनं शिलंगनाला उचलून दाराशी ठेवले व्हते, दोन्ही. उजवा कामाचा. ह्यांला ठेकेदारानं गेटवर बसायचं काम दिलं, तर काठी काखेत धरून उजवा घालून जायचे. डावा नुसता बसून राहिलेला, धुतलेला, कुंकवाचा. टाकवंना आन बघवंना. मग मला ती पेटी आठवली. म्या म्हनलं, अप्पाकडं एकटे बूट हायेत, ज्यांचे जोड हरवलेत, कुनाला तरी आठ नंबर डावा लागत असंल. पिशवीत घातला आन गेले.

अप्पा थकले व्हते. बादली व्हती, पाय आत नव्हते. म्या बूट पुढं ठेवला. म्हनलं, "मालूम हाय, तुम्ही गेलेला माल परत घेत न्हाई. मला पैसे नकोत. पेटीत टाका."

अप्पांनी ह्यांला काय झालं ते इचारलं न्हाई, आन मला कळंना का इचारत न्हाईत. कोपरापतुर हात धुतले. लिंगाला हात लावायच्या आधी धुवायचे तसे. मग पेटीजवळ बसले, झाकन उघडलं, आन बूट बाहेर काढून एक एक माझ्यापुढं मांडाय लागले.

"हे किनवटचं," म्हनले. "नवं हाय, खराब होईल म्हनून घरी ठेवलं. पावसाळा गेला की घालीन म्हनत व्हता." दुसरा काढला. "हे उदगीरचं. भावाच्या लग्नात घालायचं म्हनून राखलं." तिसरा. "ह्यानं सासऱ्याला दिले, सासऱ्याचे पाय दुखतात म्हनून. मानूस चांगला व्हता." चौथा काढला आन नुसता धरला, परत ठेवला.

तवा मला कळलं ते जोड कुठं हायेत. जागच्या जागी. ऱ्हायलेल्या एकेका पायात. ती पेटी लिलावातली नव्हती, मानसांनी आनून भरलेली व्हती, माझ्यासारख्या पिशवीत घालून आनून. आन मी पहिल्या दिवशी तिच्यावर बसले व्हते.

मग अप्पांनी आमचा बूट उचलला. मुडपला. तळावरनं नख फिरवलं. अंगठा ओला केला, आन नाकावर आला तसा थांबला. हळद-कुंकू तसंच व्हतं, वाळून धरलेलं.

"घाईत," म्या म्हनलं, "घाईत गेले वो, ऱ्हायले." आन मग मी सगळं सांगितलं. खंडेनवमी, मनगट धरलं ते, शिट्टी तरी घेऊ का म्हनले ते. कुनालाच सांगितलं नव्हतं, त्या बोळीत सांगितलं, हमाल येऊन-जाऊन राहिले व्हते आन मी रडून राहिले व्हते. अप्पा ऐकत व्हते. मला वाटलं म्हनतील, तुझी चूक न्हाई माय. तसं म्हनले न्हाईत. मला वाटलं म्हनतील, म्या सांगितलं व्हतं. तेबी म्हनले न्हाईत.

पुठ्ठ्याचा तुकडा फाडला, कानामागचा पेन काढला आन लिहिलं. मला वाचता यावं म्हनून मोठं लिहिलं. 'हदगाव. आठ. डावा.' नाडीला बांधलं. कुंकू पुसलं न्हाई. बूट पेटीत ठेवला, वरनं बाकीचे, झाकन लावलं.

"उजवा घालतो का?" म्हनले.

"हाव. रोज."

"त्याला तरी पाटावर बसवू नको."

तेवढंच. परत भेट झाली न्हाई. पुढच्या उन्हाळ्यात गेले तर कुलूप, आन मग कव्हरवाला. मोंढ्यातला एक हमाल म्हनला, उदगीरला नेलं त्यांला, तिथंच गेले. पेटीचं त्याला मालूम नव्हतं.

औंदा खंडेनवमीला आईचा सकाळीच फोन आला. "मांडलंस का? काय काय मांडलंस?"

"विळा मांडला," म्या म्हनलं.

"आन त्यांचं?"

फोन खांद्यानं कानाशी धरला व्हता, कारन हात मोकळे नव्हते. हे उंबऱ्यावर बसले व्हते, काठी भिंतीला, शिट्टी गळ्यात, आन उजवा पाय माझ्या मांडीवर. मी बुटाची नाडी ओढून घट्ट करून राहिले व्हते, एक गाठ, दुसरी गाठ. हे म्हनले, बस, आवळली. म्या तिसरी मारली.